हुकावर किती वजन?

माझ्याबद्दल घरच्यांची एक जुनी तक्रार आहे. लग्नाला न्या, बारशाला न्या, हा माणूस मांडवात दिसायचा नाही. बाहेर उभ्या असलेल्या कोणाच्या तरी ट्रॉलीखाली सापडायचा. तक्रार खरी आहे. साळ्याच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा मी नवरीकडच्यांच्या ट्रॉलीखाली आडवा होऊन तिचा एक्सल बघत होतो. एक्सल वाकलेला होता. मी तसं सांगितलंही, पण त्या दिवशी ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

दिग्रसला पुसद रस्त्यावर माझं वर्कशॉप. आता ते पुतण्या चालवतो, मी खुर्ची टाकून बसतो आणि न विचारता सल्ले देतो. चाळीस वर्षांत माझ्याकडे जे आलं त्याला एकच अट होती, त्याला स्वतःचं इंजिन नसावं. दुसऱ्याच्या मागं लागून चालणारं जे जे असेल ते माझं. कापसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, मळणीयंत्रं, बँडवाल्यांचे रोषणाईचे गाडे. घाटंजीकडचा एक जण तर पिठाची गिरणी ट्रॉलीवर बसवून गावोगाव फिरायचा. दळताना ट्रॉली नाचायची आणि बायका पिठाचे डबे धरून तिच्यामागं सरकत राहायच्या. त्याला मी चार कोपऱ्यांना चार पाय करून दिले, तेव्हा गिरणी जागेवर राहिली.

लोकांना वाटतं, ओढायचं काम म्हणजे ताकदीचं काम. ताकद लागते ती पुढच्याला. मागच्याला लागते शिस्त, आणि ती शिस्त हुकापासून सुरू होते. हुकाच्या पिनीला खाली एक छोटी क्लिप असते, पिन उडून निघू नये म्हणून. ही क्लिप हरवली की आपले लोक काय घालतील याचा नेम नाही. मी तारेचा तुकडा पाहिला, स्क्रू ड्रायव्हर पाहिला, एकदा बाभळीची काडी पाहिली. काडीवाल्याची ट्रॉली आर्णी रस्त्याच्या उतारावर सुटली, आपल्याच ट्रॅक्टरला ओव्हरटेक करून पुढं गेली आणि एका शेतात शांतपणे उभी राहिली. नशिबानं समोरून कोणी येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मालक माझ्याकडे भांडायला आला. काय तर, तुम्ही दिलेला रंग दोनच महिन्यांत खरवडला! मी त्याला हुकाखाली दोन साखळ्या लावून दिल्या. एकमेकींना फुली मारून लावायच्या, म्हणजे हुक सुटला तरी ट्रॉलीचं तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. त्यालाही ते पटलं, पण रंगाचं त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही.

हे सगळं मला येत होतं, म्हणून पुढची गोष्ट सांगायला जड जाते.

एका सकाळी वर्कशॉपसमोर जुनी डिझेल जीप थांबली. तिच्यामागं पांढरी, खिडक्यांची, दोन चाकांची एक खोली होती. खोलीच म्हणायला हवं. आत पलंग, ओटा, कपाट, छोटं बेसिन आणि छताला पंखा. परदेशात असल्या गाड्या घेऊन माणसं भटकायला निघतात म्हणे. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. जीपमधून साठी ओलांडलेल्या बाई उतरल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, हे नागपूरवून आणली. जुनी हाय. एकवार पाहून घ्या."

त्या भगत सिस्टर. उमरखेड तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रांवर सारी नोकरी काढलेल्या. निवृत्तीनंतर दिग्रसला घर बांधून राहिलेल्या. मी नमस्कार केला की नाही ते आठवत नाही. मी सरळ गाडीखाली गेलो. बराच वेळ बाहेर आलो नाही तेव्हा सिस्टर वाकून बघायला लागल्या. "मिस्त्री, बरं हाय ना? बीपीची मशीन हाय माह्याजवळ."

मी ठणठणीत होतो, हरखलो होतो इतकंच. त्या गाडीच्या ब्रेकला तार नव्हती, पाइप नव्हता, पुढच्या गाडीशी कसलंच नातं नव्हतं, आणि तरी ब्रेक होता. पुढच्या जीपनं ब्रेक मारला की मागची खोली आपल्या वजनानं तिच्यावर लोटते. हुकाचा दांडा त्या लोटण्यानं आत सरकतो, आणि तो सरकला की खोलीचे स्वतःचे ब्रेक लागतात. ढकलते तीच आणि थांबतेही तीच! चाळीस वर्षं ट्रॉल्या करून मला हे सुचलं नव्हतं. मी तो दांडा हातानं आत-बाहेर करून बघत बसलो.

"हे कोणासाठी घेतली?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"साहेबासाठी," त्या म्हणाल्या.

साहेब म्हणजे त्यांचे यजमान, जीपमध्येच बसलेले. उंच, सडपातळ, फुलशर्टाच्या खिशात छोटी वही. त्यांची नोकरी मोठी विलक्षण होती. पैनगंगेच्या काठावर एका ठिकाणी पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी असते, ती वाचायची. रोज ठरलेल्या वेळांना, पुरात तासातासाला. सत्तावीस वर्षं त्यांनी एकाच जागी उभं राहून ती नदी वाचली, पण वरून ती कुठून येते आणि खाली कुठं जाते हे कधी पाहिलं नाही. निवृत्त झाल्यावर पाहू म्हणाले, तर मूत्रपिंडं गेली. पोटात नळी बसवली. दिवसातून चार वेळा पोटातलं आधीचं पाणी काढून टाकायचं आणि दोन लिटर औषधी पाण्याची नवी पिशवी सोडायची. हे घरी करता येतं, पण जागा अगदी स्वच्छ लागते. लॉजमध्ये जमत नाही, नातेवाइकांकडे तर नाहीच नाही. म्हणून सिस्टरनी स्वच्छ खोलीच सोबत घ्यायचं ठरवलं. बुलडाण्याकडच्या डोंगरात उगम, तिथून काठाकाठानं वर्धा नदीला मिळते तिथपर्यंत, सोळा दिवस.

"अन् सोळा दिवसच काहून?" मी साहेबांना विचारलं.

"डॉक्टरनं तारीख देल्ली. पोट थकलं म्हणे. निघू त्या दिवसापासून तीन आठवड्यानं हॉस्पिटलातली मशीन सुरू, हप्त्यातून तीन वार यवतमाळ. मंग कुठचं जाणं अन् कुठचं काय. पाच दिवस हाताशी ठेवले, बाकी सोळा नदीचे."

हे त्यांनी एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी मात्र त्या दिवसापासून ती गाडी आपली मानली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, अशा गाडीत बिघडण्यासारखं आहे काय? बिघडतं ते उभ्या उभ्या बिघडतं. टायर नवाकोरा दिसतो, नक्षी शाबूत असते, पण उन्हात वर्षानुवर्षं एकाच जागी उभा राहून कडेनं चिरा गेलेल्या असतात. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी जन्मला ते सांगणारे. आमच्याकडे नक्षी सगळे बघतात, जन्मतारीख कोणी बघत नाही. मी दोन्ही टायर बदलायला लावले. बेअरिंग खोलून जुनं ग्रीस पुसून नवं भरलं. सिस्टरना शिकवलं, दर थांब्यावर चाकाच्या मध्यावर तळहात ठेवा. कोमट लागलं तर चालू द्या, चटका बसला तर तिथंच थांबा. त्या म्हणाल्या, "म्हंजे ताप पाहायचा. हे तर मले येते." छताच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं, तिथं जुना मसाला खरवडून नवा भरला. मागचे दिवे, इंडिकेटर, ब्रेकचा लाल दिवा, सगळं जीपच्या वायरिंगला जोडून तपासलं.

रिव्हर्स घ्यायला त्यांना कापूस बाजाराच्या रिकाम्या मैदानावर शिकवलं. जीपचं तोंड डावीकडं वळवलं की मागची खोली उजवीकडं जाते, आणि भल्याभल्यांची बुद्धी इथं उलटी होते. मी त्यांना स्टिअरिंग वरून न धरता खालच्या बाजूला धरायला सांगितलं. मग हात ज्या बाजूला नेऊ त्याच बाजूला खोली जाते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती दोन विजेच्या खांबांमध्ये अशी घातली की मी टाळी वाजवली.

गाडीसोबत एक इंग्रजी पुस्तिका आली होती. सिस्टर ती रोज चष्मा लावून वाचायच्या. एका दुपारी म्हणाल्या, "मिस्त्री, इथं लिहून हाय का हुकावर वजन आलं पाह्यजे. पूर्ण गाडीचा दहावा हिस्सा, जवळपास. आपुन मोजलं का?"

मी हसलो. "सिस्टर, हे कागदवाले कायले बी लिहितात. हुकावर जितकं कमी तितकं गाडीले बरं."

मी हे हवेत बोललो नव्हतो. माझे वडील बंडी हाकायचे, म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. भरलेली बंडी निघायच्या आधी ते पुढं येऊन एका बोटानं जू उचलायचे. बोटानं उचललं गेलं तर ठीक. नाहीतर ओझं मागं सरकवायचं, बैलांच्या मानेवर येऊ द्यायचं नाही. मागं इतकंही नाही की बंडी उलार होऊन जू वर उडेल. बस, बोटाच्या ताकदीइतकं. मान सोललेला बैल त्यांना बघवत नसे. मी ट्रॉल्या करायला लागलो तेव्हा हेच धरून चाललो, आणि ट्रॅक्टर असा बलदंड की तो कशाचीच तक्रार करत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी शेवटच्या ग्रीसिंगसाठी माझ्याकडे होती. सिस्टरनी औषधी पाण्याचे खोके पुढच्या पलंगाखाली रचून ठेवले होते. सोळा दिवसांचं पाणी, सव्वाशे किलोच्या वर. मी हुक जोडला आणि जीपची मागची बाजू दोन बोटं खाली बसली. मला जीपची कीव आली. अर्धे खोके काढून मी मागच्या कपाटात नेऊन लावले. वर माझ्यातर्फे भेट म्हणून गाडीच्या पाठीवर लोखंडी कॅरिअर वेल्ड केला आणि त्यावर स्टेपनी आणि गॅसचं सिलिंडर बांधलं. जीपची पाठ वर आली. मी गल्लीतून एक चक्कर मारली. पंचविसाच्या वेगानं, कारण माझ्या सगळ्या विद्येचा वेगच तेवढा. गाडी मागं मुकाट आली.

सकाळी सिस्टरना म्हणालो, "सामान बी नीट लावून देल्लं." त्यांनी हात जोडले. साहेबांनी निघायची वेळ वहीत लिहिली. जयभीम झाला आणि गाडी निघाली.

तासाभरातच फोन आला. मानोऱ्याच्या पुढं एका उतारावर मागची खोली डुलायला लागली होती. आधी थोडी, मग या कडेपासून त्या कडेपर्यंत. जीपसुद्धा तिच्यासोबत ओढली जायला लागली. सिस्टरनी घाबरून ब्रेक दाबला असता तर दोन्ही गाड्या आडव्या झाल्या असत्या. त्यांनी पाय फक्त उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि गाडी कशीबशी कडेच्या नालीत एक चाक घालून थांबली. मी मोटारसायकल काढून पोचलो तेव्हा तिथं चहाच्या टपरीवरची वीसेक माणसं जमली होती. दोघांना खरचटलंही नव्हतं. पण साहेबांच्या दुपारच्या पिशवीची वेळ झाली होती.

गाडी तिरपी होती. आम्ही सगळ्यांनी जॅक लावून, दगड घालून ती सपाट केली. सिस्टर आत गेल्या, हात धुतले, दार लावलं. पिशवी छताच्या हुकाला टांगायची, पाणी उतारानं पोटात जातं. रिकामी पिशवी खाली जमिनीवर, जुनं पाणी उतारानं तिच्यात येतं. चाळीस मिनिटं मी दाराबाहेर उभा होतो. खिडकीतून साहेबांचा आवाज आला, "मिस्त्री, डुलणं सुरू झालं थे साठच्या वर. पन्नासले नव्हतं. असं काहून होत असन?"

मला कळलं होतं. गाडीच्या मागं माझा कॅरिअर, कपाटात माझे खोके. बैल चालतो, साठनं पळत नाही. ज्याचं शेपूट जड आणि तोंड हलकं अशी गाडी वेगात गेली की शेपूटच तिला चालवायला लागतं. हुकावरचं वजन हे जीपवरचं ओझं नव्हतंच, तो मागच्या गाडीला धरून ठेवणारा हात होता. पुस्तिकेत हेच लिहिलं होतं आणि सिस्टरनी ते मला वाचून दाखवलं होतं.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा गर्दीतला एक जण म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात येवढी लांब गाडी देत असतेत का?" बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यातले दोघे-तिघे माझे गिऱ्हाईक होते. सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "माहाच हात हालला असन, नाही का मिस्त्री?"

मी म्हणालो, "होते असं कधी कधी."

आयुष्यात मी अनेक खोटी वेल्डिंग केली असतील, पण त्या चार शब्दांइतकं खोटं काम माझ्या हातून झालं नाही. आजही ते आठवलं की स्वतःचा संताप येतो.

वीसच्या वेगानं गाडी परत दिग्रसला आली. सिस्टर म्हणाल्या, पुन्हा चालवणार नाही, साहेबांचा जीव असा टांगणीला लावणार नाही. खोके घरी गेले, खोली माझ्या आवारात विकायला उभी राहिली. अकोल्याहून एक जण बघून गेला, घेतो म्हणाला. मी रोज तिच्यावरून जात होतो आणि तिच्याकडं बघत नव्हतो. घरी मात्र सगळे म्हणाले, यंदा पहिल्यांदा हा माणूस नात्यातल्या लग्नात जेवायला पंगतीत बसला.

नवव्या दिवशी भगत साहेब रिक्षानं आले. हातात पिशवी, पिशवीत वजनकाटा. पोटात पाणी सोडणाऱ्या माणसाला रोज स्वतःचं वजन करावं लागतं, त्याचा तो काटा. म्हणाले, "मिस्त्री, मले झोप नाही. असं काहून झालं असन? हुकावर किती वजन होतं थे पाहू म्हटलं."

"खोके तर काढले, साहेब."

त्यांनी वही उघडली. नालीत थांबल्यावर कोणता खोका कुठं होता ते त्यांनी मांडून ठेवलं होतं. "पाणीच थे. तुमच्याकडचे वीस लिटरचे कॅन हायेत ना? भरा अन् ठेवा."

आम्ही तीन कॅन मागच्या कपाटात ठेवले, तीन पुढच्या पलंगाखाली. गाडीच्या तोंडाखाली काटा, काट्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर हुक. आकडा आला चार. सबंध गाडी सातशे किलोची आणि हुकावर चार किलो! वडिलांचं बोट त्यापेक्षा जास्त उचलायचं.

"आता सिस्टरनं लावलते तसे ठेवू," साहेब म्हणाले. मागचे तीन कॅन पुढं आणले. चौसष्ट. त्यांनी दोन्ही आकडे लिहिले, पेन्सिल कानावर खोचली आणि चमकत्या डोळ्यांनी म्हणाले, "पाहा ना बाप्पा! सहा कॅन तेच, गाडी तेच. जागा बदलली अन् किती फरक!" कोणी बदलली हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना खरोखरच त्या फरकाचं कौतुक वाटत होतं, आणि मला तेच सोसवेना.

"साहेब, खोके मी हालवले," मी म्हणालो. "त्या दिवशीच समजलं होतं मले. बोललो नाही."

त्यांनी वही मिटली. पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मले सांगून काय फायदा? तिले सांगा."

सिस्टर अंगणात वाळलेले कपडे काढत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बोट, बैल, कॅरिअर, चार किलो, आणि टपरीपाशी गप्प बसलो ते. त्यांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"नऊ दिवस," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस मी सोताले शिव्या देल्ल्या, मिस्त्री. रातच्याले हात पाहात बसली, का हे हात कसे हालले म्हणून. येवढ्या बाळंतपणात हालले नाही." मग आवाज एकदम चढला. "अन् त्यायची तारीख तर काही सरकत नाही ना! तुमचे नऊ दिवस कुठून आणू मी?"

 त्यांनी आत जाऊन अकोल्याला फोन केला, गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "कॅरिअर कापून टाका. उद्या सकाळी त्याच उतारावर जाऊ. चालवीन मीच. तुमी बाजूले बसान. अन् टपरीवरच्या लोकायले सांगान."

तसंच झालं. कॅरिअर कापला, काही खोके बरोबर चाकांच्या वर ठेवले, काटा लावून पासष्ट किलो आणले, सामान सरकू नये म्हणून पट्टे बांधले. सिस्टरनी उतारावर गाडी साठच्या वर नेली. मी दरवाजाची दांडी घट्ट धरली होती. त्यांचे हात स्टिअरिंगवर शांत होते. मागची खोली सरळ आली. टपरीपाशी त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडं पाहिलं. मी उतरलो. पाच-सहा जण चहा पीत होते. मी मोठ्यानं म्हणालो, "त्या दिवशी इथं गाडी डुलली, त्यात बाईची चूक नव्हती. सामान मी चुकीचं लावलं होतं."

टपरीवाला कप विसळत म्हणाला, "कोणती गाडी, भाऊ?"

ज्यांच्या भीतीनं मी नऊ दिवस तोंड शिवून बसलो होतो, त्यांना ती गाडी आठवतसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. हाती उरले होते दहा दिवस. तिसऱ्या दिवशी उगमावरून साहेबांचा फोन. मागं सिस्टरचं हसणं ऐकू येत होतं. "मिस्त्री, इथं मोजायले काहीच नाही! दगडायच्या मधून ओल हाय नुसती. चप्पल भिजत नाही. हेच पाणी माह्याकडे येऊन पूल बुडवत होतं?" मग रोज फोन. कुठं नदी अरुंद होते, कुठं वाळू बदलते, इसापूरच्या धरणात ती थांबल्यासारखी वाटते पण थांबलेली नसते. मी त्यांना बेअरिंगचा ताप विचारायचो, हुकावरचा आकडा विचारायचो. सिस्टर दर तिसऱ्या दिवशी काटा लावायच्या, कारण खोके रिकामे होत जातात तसं वजन बदलतं. हे मला सुचलं नव्हतं, त्यांना सुचलं.

नवव्या दिवशी ते सहस्रकुंडला पोचले. तिथून संगम काही फार लांब नाही. गाडीनं गेलं असतं तर एक दिवस. सिस्टर म्हणाल्याही, मधलं सोडून सरळ संगमावर जाऊ. साहेब म्हणाले, मधलं सोडून शेवट पाहिला तर ती त्यांनी पाहिलेली नदी होणार नाही. धबधब्यापाशी त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि गाडी दिग्रसकडं वळली. तारखेला मशीन सुरू झाली.

मी त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, एखाद्या मोकळ्या दिवशी मी नेतो, जीपमध्ये गादी टाकून, सावकाश. सिस्टरनी मान हलवली. मशीनच्या दुसऱ्या दिवशी साहेबांच्या अंगात उभं राहायचं त्राण नसतं, डॉक्टरनी लांबचा प्रवास बंद केला होता. साहेब पलंगावर टेकून बसले होते. त्यांनी वही माझ्यापुढं धरली. सहस्रकुंडानंतरची पानं कोरी होती.

"तुमी जा," ते म्हणाले. "फक्त पाहून येऊ नका. लिहून आणा."

म्हणून एका सकाळी मी एकटाच मोटारसायकलवर निघालो. सहस्रकुंडपासून काठाकाठानं, मधलं काही न सोडता, तीन दिवस. चौथ्या दिवशी वणीच्या पलीकडं, जुगादजवळ, दोन नद्या समोर आल्या. आयुष्यभर मी चाकांच्या खाली पाहिलं होतं. एवढं रुंद काही बघायची डोळ्यांना सवय नव्हती. फोन लावला. साहेब मशीनवर होते, सिस्टरनी फोन त्यांच्या कानाशी धरला होता.

"कोणत्या बाजूनं येऊन राह्यली आपली?"

"माह्या उजव्या हातानं, साहेब."

"रंग?"

"आपली जरा मातकट. वर्धा हिरवट."

"मिसळते का बाजू-बाजूनं जाते?"

मी नीट पाहिलं. दोन पाण्यांच्या मधोमध एक रेघ होती, हलणारी, आणि ती लांबवर तशीच जात होती. मी सांगितलं.  पलीकडून मशीनचा आवाज तेवढा येत होता.

मग म्हणाले, "काठापासून चार पावलांवर खोल किती असन?"

"असन कमरेइतकं," मी म्हणालो.

"असन?" साहेब म्हणाले.

मी फोन दगडावर ठेवला, चपला काढल्या, पँट गुडघ्यावर दुमडली, आणि काठी घेऊन पाण्यात उतरलो.